बांगडीला झोपेत काय दिसायचं

आमच्या मांजर्लीत आता शेतं उरली नाहीत म्हणा, पण नदीपलीकडे अजून थोडी आहेत. दिवाळीच्या आधी तिकडे भात कापायला घेतात आणि दुपारी वारा फिरला की तो वास आमच्या चौथ्या मजल्यावर येतो. ज्याला तो वास माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला मी काय सांगणार? थोडा गोड, थोडा धुळीचा, नाकात गेला की घसा खवखवणारा. मुलगा म्हणतो, आई, तुला अ‍ॅलर्जी आहे, खिडकी लावून घे. मी लावत नाही. खुर्ची ओढून आणखी जवळ बसते आणि शिंकत राहते.

यंदाही अशीच बसले होते, दार उघडं टाकून. समोरच्या भाभींचा कुत्रा, राजा, आमच्या उंबऱ्यावर येऊन झोपतो. भाभी सिंधी. उल्हासनगरात त्यांच्या मिस्टरांचं कापडाचं दुकान आहे, घर मात्र चार वर्षांपूर्वी इकडे घेतलं. तर तो राजा गाढ झोपलेला आणि त्याचे चारही पाय पळताहेत. तोंड मिटलेलं, पण आतल्या आत बारीक भुंकणं चाललंय. कुठे घरात शिरलाय चोर, काय ठाऊक.

माझी नात सई अकरावीला आहे. तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. "आजी, याला स्वप्न पडतंय बघ."

"पडत असेल."

"पण प्राण्यांना खरंच पडतात?" असं म्हणून तिनं लगेच मोबाईल काढला. हल्ली मला प्रश्न विचारतात ते नुसतं सुरुवात म्हणून, उत्तर दुसरीकडूनच घेतात. तिनं वाचून सांगितलं की पडत असावीत, पण काय दिसतं ते कुणाला नक्की सांगता येत नाही. त्यांना उठवून विचारता येत नाही ना.

भाभी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुत्र्याचं काय घेऊन बसलीस, बेटा? आमचे मिस्टर झोपेत कपडा मोजतात. दोन्ही हात असे लांब करून. मीटर पूरा करताना एक हात माझ्या नाकावर. आणि उठून विचारलं की म्हणतात, मैं तो सोयाच नाही."

सई लोळून हसली. मीही हसले. पण मला तिथे राजाचे पाय दिसेनात. तिथे चार तांबूस पाय आले आणि त्यातल्या मागच्या डाव्या पायाला पांढरं कडं. त्या कड्यावरून तिचं नाव मीच ठेवलं होतं, बांगडी.

बांगडी ही माझ्या आंदणातली कालवड. आमच्यात तेव्हा मुलीबरोबर भांडी, पेटी आणि जमलं तर एक जनावर द्यायची रीत होती. भांड्यांवर नावं घालून आणली होती, ती हरवली. पेटीला गंज चढला. जनावराचं तसं नसतं हो. ते तुमच्याबरोबर चालत येतं. वांगणीहून मांजर्लीला मी बैलगाडीत बसून आले आणि बांगडी गाडीच्या मागे बांधलेली, वाटभर माझ्याकडे तोंड करून. मी रडायचं ठरवलं होतं, पण ती इतकी टक लावून बघत होती की मला रडायचीच लाज वाटली.

लग्न वैशाखातलं. मग पावसाळा कसा गेला ते कळलं नाही, लावणीत कंबर मोडली आणि दिवस संपला. मन घरी गेलं ते लावणी उरकल्यावर. पहिली दिवाळी म्हणजे लेकीनं माहेरी जायचं, दिवाळसणाला. तीन महिने मी त्या दिवसांवर जगत होते. कुठलं लुगडं नेसायचं, आईला काय काय सांगायचं, सगळं पाठ करून ठेवलेलं. आणि त्या वर्षी पाऊस लांबला. भात उभंच राहिलं, कापणी दिवाळीत आली. सासरे म्हणाले, "आता कुठलं माहेर? मळणी झाली की बघू." ते वाईट नव्हते बरं का. त्यांच्यापुढे भात होतं आणि माझ्यापुढे आई होती, एवढंच.

दिवाळी खळ्यावर गेली. खळं म्हणजे सारवून टणक केलेली जमीन, मधोमध खांब रोवलेला, त्याला बांधून चार बैल पेंढ्यावर गोल फिरवायचे. बैलांच्या मागे मी. दिवसभर एकाच खांबाभोवती. बैल थांबले की सासऱ्यांचा आवाज येई, म्हणून थांबू द्यायचे नाहीत. अंगाला भाताची कुसळं लागून खाज सुटायची आणि डोळ्यांपुढे सगळं फिरत राहायचं. जेवायला बसले तरी ताट फिरतंय असं वाटे.

दुपारी जेवणं झाली की घटकाभर सगळे आडवे व्हायचे. मी गोठ्यात जाऊन बांगडीजवळ बसायची. तिथे मला वांगणीचं कुणीतरी भेटायचं ना. ती मान पोटाशी दुमडून झोपलेली असायची आणि झोपेत तिचे कान हलायचे, नाक फुरफुरायचं, आणि ते बांगडीचं पाऊल उचलल्यासारखं व्हायचं. एकदा मी घाबरले, तिला काही होतंय म्हणून हलवायला गेले, तर मागून सासूबाई म्हणाल्या, "ए पोरी, हात नको लावूस. सपान परलंय तिला."

मी त्यांना आत्या म्हणायची. उंच, काळ्या, कमी बोलायच्या. मला त्यांची भीती वाटे.

"जनावराला स्वप्न पडतं, आत्या?"

"का नाय परनार? डोलं मिटल्यावर तुला दिसतं, तिला दिसत नसंल? सपनातून उठवलेली कालवर पुढं दूध चोरते. झोपू दे." आणि जाता जाता म्हणाल्या, "माहेर दिसत असंल तिला."

एवढं बोलून त्या गेल्या, आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेल्या.

बांगडीला माहेर दिसतंय. तिचं पाऊल उचलतंय ते वांगणीच्या वाटेवर. मग तिचं दावं सोडलं तर? ती सरळ घरी जाईल. तिकडे आई म्हणेल, अगं बाई, ही कशी आली? निरोप येईल. आणि तिला परत आणायला मलाच जावं लागेल, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हाताला चालत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हसू नका. अठरा वर्षांची होते, आणि चार दिवसांसाठी जीव टांगलेला असला की माणसाला असले बेत फार शहाणपणाचे वाटतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खळ्यावर टेकलेले असताना मी गोठ्यात गेले. बांगडी झोपली होती, पाऊल हलत होतं. मी ती आपोआप उठेपर्यंत थांबले, मग दावं सोडलं, दार उघडं ठेवलं आणि तिच्या कानात म्हणाले, "जा. सरळ रेल्वेच्या रुळाच्या कडेकडेनं जा." आणि खळ्यावर येऊन आपण काही केलंच नाही अशी बसले.

थोड्या वेळानं बांगडी आली. वांगणीला नाही, खळ्यावर. अगदी ओळखीच्या माणसासारखी आमच्यामधून वाट काढत भाताच्या राशीपाशी गेली आणि राशीत तिनं तोंड घातलं.

आता रास म्हणजे काय ते सांगायला हवं. उफणून झालेलं भात ढीग घालून ठेवायचं. त्याची पूजा होईपर्यंत माणसानंही त्याला मापटं लावायचं नाही. पूजा दुसऱ्या दिवशी होती. आणि ही बया त्यात नाक खुपसून खातेय.

सासरे ताडकन उठले. तिला हाकललं, आणि मग आवाज चढवून म्हणाले, "दावं कुनी सोरलं हिचं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

"मीच सोरलं," सासूबाई म्हणाल्या. "माजावर आलीय ती. सकालपासून हंबरतेय. बांधून काय करू?"

"मला नाय ऐकू आलं."

"तुमाला काय ऐकू येतं? वलू लागंल तिला. आनि चांगला वलू हिच्या बापाच्या आलीत हाय, वांगनीला. उद्या पूजा झाली की ही घेऊन जाईल. दुसऱ्याच्या हाताला ती चालत नाय."

"मलनी टाकून?"

"वरीस फुकट घालवायचं हाय का तुमाला?"

सासरे थोडा वेळ राशीकडे बघत राहिले. मग विचारलं, "कवा येईल परत?"

"चार दिवसानी."

"वलूला कवापासून चार दिवस लागायला लागलं?"

"वलूला नाय लागत," सासूबाई म्हणाल्या. "गाईला लागतील."

खळ्यावरच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि बैल जुंपायला गेले. त्यांना सगळं कळलं होतं. पण शेतीच्या कारणाला शेतकरी नाही म्हणू शकत नाही, आणि आत्यांनी त्यांना तसं कारण दिलं होतं. त्या बाईला मी त्या दिवसापर्यंत कठोर समजत होते. त्यानंतर आम्ही दोघी एका घरात तीस वर्षं राहिलो आणि त्या दुपारबद्दल एक शब्द बोललो नाही.

मांजर्लीहून वांगणी म्हणजे तेव्हा चांगली अर्ध्या दिवसाची चाल, जनावर बरोबर असलं की जास्तच. मला वाटलं होतं बांगडी पुढे धावेल आणि मी मागून. झालं उलटंच. गाव सुटल्यावर ती अडायलाच लागली. चार पावलं चालायची आणि मान वळवून मागे बघायची. मी ओढायची, ती पाय रोवायची. "अगं, घरी नेतेय तुला," मी म्हणायची. तिला काही पटत नव्हतं. वाटेत एक म्हातारे भेटले, ते म्हणाले, "पोरी, कोनाची गाय चोरून नेतेस?" मी म्हणाले, "माझीच आहे." ते म्हणाले, "तिला सांग मग."

दुपारी उशिरा घरी पोचलो. आई अंगणात भात वाळत घालत होती. तिनं मला पाहिलं आणि हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली, खाली ठेवायचं सुचेना तिला. मग जवळ येऊन आधी बांगडीच्या पाठीवर हात फिरवला, मग माझ्या. मला राग आला होता, आधी गायीला का म्हणून. आता कळतं. माझ्याकडे एकदम बघवलं नसेल.

दादानं वळू आणला. वळूनं बांगडीला हुंगलं आणि तोंड फिरवून गवत खायला निघून गेला. दादा म्हणाला, "गाय माजावर नाही. तूच आलीयस." आई म्हणाली, "गप रे, मेल्या." वहिनी आत जाऊन हसली. ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, त्याच वर्षी घरात आलेली.

ते दोन दिवस कसे होते? मला सांगता येत नाही. काही झालंच नाही त्यांत. आईनं डोक्याला तेल लावलं. खोबऱ्याच्या वड्या केल्या, त्या बिघडल्या, त्या आम्ही चमच्यानं खाल्ल्या. चुलीपुढे बसून मी बोलत राहिले, पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं, खळ्याचं, सासऱ्यांचं, ताट फिरण्याचं. आई "हं, हं" करत होती. अजूनही कार्तिकात त्या वासाबरोबर मला तिचं ते "हं" ऐकू येतं. बाकी तिचा आवाज मी विसरले, खरं सांगते. पुष्कळ आठवून पाहिलं. नाही येत. फक्त तेवढं हं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत आईच्या शेजारी झोपले. किती झोपले कुणास ठाऊक. उठले तेव्हा आई उठून गेली होती. संध्याकाळी तिनं दादाला सांगितलं, "उद्या सकाळी हिला आणि गायीला पोचवून ये. तिकडं मळणी राहिलीय."

मला ऐकूनही खरं वाटेना. मी म्हणाले, "चार दिवस सांगितलेत त्यांनी. अजून दोन आहेत."

आई म्हणाली, "गाय फळायची नाही, मग थांबून काय करायचं?" आणि माझी पिशवी भरायला लागली.

सकाळी निघताना नमस्कार केला, वर पाहिलं नाही. बांगडी मात्र दावं हातात घेतल्याबरोबर अशी चालायला लागली की दादाला पळावं लागलं. मला वाटलं, सासूबाईंनी खोटं बोलून मला चार दिवस दिले, आणि माझ्या सख्ख्या आईनं त्यातले दोन परत केले. त्यानंतर मी माहेरी जायची ती पाहुण्यासारखी. सकाळी जायचं, जेवायचं, संध्याकाळच्या आत परत. आई म्हणायची, राहा गं. मी म्हणायची, घरी कामं आहेत. ती पुन्हा आग्रह करत नसे. अशीच वर्षं गेली आणि ती गेली. मी तिला कधी विचारलं नाही.

यंदा भाऊबीजेला वांगणीला गेले. गोठा केव्हाच गेला, तिथे भाच्याची मोटारसायकल उभी असते. पडवीला लाद्या बसवून हॉल केलाय. दादाला आता कमी ऐकू येतं, त्याला ओवाळलं, तो जेवून पडला. वहिनी आणि मी बोलत बसलो. बोलता बोलता मी तिला राजाची गोष्ट सांगितली, भाभींच्या मिस्टरांची सांगितली. वहिनी खूप हसली. मग म्हणाली, "ताई, तुम्हीपण तशाच. त्या वर्षी गाय घेऊन आला होतात ना, तेव्हा काय कमी बडबडलात झोपेत?"

"मी?"

"मग काय. मी इथंच तांदूळ निवडत होते. तुमचे पाय चाललेले, गोधडी तुडवत होतात. आणि 'आत्या, बैल थांबले, आत्या, बैल थांबले' असं सारखं. आई तुमच्या केसांवरून हात फिरवत होत्या. त्यांनी हात काढून घेतला."

मी म्हणाले, "पुढे?"

"पुढे काही नाही. बऱ्याच वेळानं मला म्हणाल्या, पोर इथं नाही गं. तिकडंच आहे ती. त्या गायीसारखीच झाली. उगाच कशाला दोघींना बांधून ठेवायचं?" वहिनीनं सुपारी कातरायचं थांबवलं. "तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, तिला वाईट वाटेल."

मला ते स्वप्न आठवतच नाही. बांगडीला जसं विचारता यायचं नाही, तसंच आज मला विचारूनही उपयोग नाही. माझं मन खरंच तिकडे गेलं होतं का? असेलही. सहा महिन्यांत माणूस मुळं धरतो, नको म्हटलं तरी. की नुसती भीती होती, बैल थांबले की ओरडा बसेल याची? मी आत्यांना हाक मारत होते ते हवंहवंसं वाटून की घाबरून? आईनं मला झोपेत वाचलं, मी बांगडीला वाचलं. बांगडीच्या बाबतीत मी साफ चुकले, तिला वांगणी नको होती, भात हवं होतं. आई चुकली की बरोबर होती, हे आता कुणी सांगायचं?

पण एक सांगते. जीव कुठेही असो, अंग तिथे होतं, आईच्या शेजारी, तिच्या हाताखाली. स्वप्नात माणूस जिथे जातो तिथे त्याला राहायचंच असतं असं थोडंच आहे? तिनं मला हलवून उठवलं असतं आणि विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. मला राहायचं होतं. मला ते दोन दिवस हवे होते, आई. अजून हवे आहेत.

वहिनी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "चुकलं का माझं, सांगितलं ते?"

"नाही गं." मी मोबाईल काढला आणि मुलाला फोन लावला. त्याला म्हणाले, मी आज येत नाही, परवा येईन. तो म्हणाला, "आई, बरं वाटतंय ना? कपडे तरी नेलेस का?" मी म्हणाले, "वहिनीचं पातळ नेसेन."

वहिनीनं हॉलमध्ये चटई अंथरली, वर जुनी गोधडी घातली. बाहेरून भाताचा वास येत होता. मी आडवी झाले. डोळे मिटायच्या आधी म्हटलं, "वहिनी, झोपेत मी काहीही बडबडले, कुणालाही हाका मारल्या, तरी मला परत पाठवू नकोस हं."

"झोपा तुम्ही," वहिनी म्हणाली, आणि निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन माझ्या उशाशी बसली.